तिसरी बाही आणि आजीच्या घरचा कप

आपल्या मंडळातल्या पन्नाशीपुढच्या कुणालाही 'मिस्टर योगी' म्हणा, चेहरा लगेच खुलतो. दूरदर्शनच्या काळातली ती मालिका. अमेरिकेहून लग्नासाठी मुली बघायला आलेला योगेश पटेल आणि मधूनच येऊन त्याची फिरकी घेणारा सूत्रधार ओम पुरी. मधु रायच्या गुजराती कादंबरीवरची मालिका, नायक पटेल, आणि काम करणारा आपला पुण्याचा मोहन गोखले! आमच्या बाबांना याचा अजून अभिमान आहे. "बघ, गुजराती माणूस करायलासुद्धा शेवटी मराठीच लागला," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय.

मागच्या महिन्यात त्यांना म्हटलं, त्याच्या सात-आठ वर्षं आधी याच दिग्दर्शकानं, याच मोहन गोखलेला घेऊन एक गुजराती सिनेमा केला होता, पाहिलात? नव्हता पाहिला. मीही नव्हता. केतन मेहता म्हटलं की आपल्याला 'मिर्च मसाला' आठवतो, 'सरदार' आठवतो, हल्लीचा 'मांझी' आठवतो. पण त्याचा पहिला सिनेमा 'भवनी भवाई', १९८० सालचा. बडोद्यात जन्म गेला, गुजरातीत शिकलो, ऑफिसात दिवसभर गुजराती बोलतो, तरी हे नाव मला पस्तिशीत कळलं. एका शनिवारी रात्री बाबा, मी आणि माझी आठ वर्षांची लेक असे तिघं पाहायला बसलो.

केतन मेहता मूळचा नवसारीचा. नवसारी म्हणजे जुन्या बडोदा संस्थानचाच प्रांत. शिकला पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये. पहिलाच सिनेमा, पण माणसं बघा: राजा नसीरुद्दीन शाह, मालो भगत ओम पुरी, उजान स्मिता पाटील आणि जीवो मोहन गोखले. म्हणजे या अस्सल गुजराती सिनेमाचे नायक-नायिका दोघंही मराठी. बाबा खूश.

भवाई म्हणजे गुजरातचं लोकनाट्य, आपल्या तमाशासारखंच थट्टामस्करीचं, गाण्याबजावण्याचं. तिचा मूळपुरुष असाइत ठाकर हा चौदाव्या शतकातला सिद्धपूरचा ब्राह्मण. दंतकथा अशी, की ऊंझाच्या पटेलांच्या मुलीला एका सरदारानं पळवून नेलं. असाइत सोडवायला गेला आणि म्हणाला, ही माझी मुलगी. सरदार म्हणाला, मग तिच्याबरोबर एका ताटात जेवून दाखव. असाइत जेवला. मुलगी सुटली, पण जातीनं त्याला वाळीत टाकलं. तो पुढे वेश लिहून, नाचगाणं करून जगला. गुजरात ज्या कलेला आपली म्हणून मिरवतो तिची सुरुवात एका बहिष्कृत माणसापासून झाली. मेहतानं सिनेमा अर्पण केलाय तो या असाइतला, जर्मन नाटककार ब्रेख्तला, आणि ॲस्टेरिक्सच्या लेखकाला, गॉसिनीला. ॲस्टेरिक्स वाचलेल्यांना नसीरचा राजा पाहताना ते लगेच पटेल. लेक तर त्याच्या प्रत्येक हालचालीला हसत होती.

गोष्ट 'अछूतनो वेश' या जुन्या वेशावरून घेतलेली. राजाला झालेला मुलगा कारस्थानानं नदीत सोडला जातो आणि अस्पृश्य वस्तीत वाढतो. तोच जीवो. राजानं खणलेल्या वावेला, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीला, पाणी लागत नाही. मग बत्तीसलक्षणी पुरुषाचा बळी हवा, आणि तो जीवोच निघतो. जीवो अटी घालतो. त्या काळी अस्पृश्यांनी गळ्यात थुंकायचं मडकं, पाठीला झाडू आणि अंगरख्याला एक जादा तिसरी बाही लावायची, म्हणजे लांबूनच ओळखू यावं. हे सगळं बंद करा, मग बळी घ्या.

इथे लेकीनं विचारलं, "बाबा, तिसरी बाही कशाला? हात तर दोनच असतात."

बाबा म्हणाले, "पूर्वी गुजरातेत असले प्रकार होते." मी म्हटलं, बाबा, मडकं आणि झाडू तर आपल्या पुण्यातले. पेशवाईत अस्पृश्यांना ते बाळगावं लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात लिहून ठेवलंय. आणि तेच बाबासाहेब १९१७ साली सयाजीरावांच्या नोकरीसाठी, कोलंबियात शिकून, आपल्याच गावात आले तेव्हा त्यांना राहायला खोली मिळाली नव्हती. पारशी वसतिगृहातून लाठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढलं. ओळखीच्यांनीही घरात घेतलं नाही. रात्रीच्या गाडीची वाट पाहत ते कमाटीबागेत बसून राहिले. आपण मुलांना घेऊन तिथे कितीदा जातो, पण संकल्पभूमीपाशी किती जण थांबतो?

बाबा काही बोलले नाहीत. सिनेमा पुढे चालू राहिला. पाचेक मिनिटांनी पडद्याकडेच बघत म्हणाले, "दांडियाबाजारच्या घरी मागच्या दाराला कप होता."

तो कप मलाही आठवतो. कान तुटलेला, निळ्या फुलांचा, कोनाड्यात उलटा ठेवलेला. मोरी धुवायला येणाऱ्या बाईंना आजी वरून चहा ओतायची. आजी मायाळू बाई, त्यांना सणाला साडी द्यायची, त्यांच्या मुलाच्या फीचे पैसेही द्यायची. चहा मात्र वरूनच. मी पाच-सहा वर्षांचा असताना एकदा त्या कपात माती भरून खेळलो, तेव्हा मला थेट न्हाणीघरात नेऊन आंघोळ घातली होती. कुणी रागावलं नाही, म्हणून मला ते गमतीचं वाटलं होतं. आम्ही बडोदेकर मराठी किती वेगळे हे सांगताना आपण सयाजीराव सांगतो, सक्तीचं शिक्षण सांगतो, श्रीखंड आणि सेवउसळ सांगतो. हा कप कधी त्या यादीत आला नाही. मीही आजच लिहितोय.

या सिनेमाला राष्ट्रीय एकात्मतेसाठीचा नर्गिस दत्त पुरस्कार मिळाला होता. मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात दाखवावा असं माझं मत आहे. 'गुजराती सिनेमा मराठी मंडळात कशाला,' असं कुणी म्हणेल, तर त्यांना मोहन गोखलेचं आणखी एक सांगा: हा जीवो झालेला नट पुढे जब्बार पटेलांच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' या सिनेमात गांधीजी झाला.

सिनेमाला दोन शेवट आहेत. पहिल्यात ऐन वेळी गुपित फुटतं, बाप-लेक भेटतात, वावेला पाणी येतं. मग सिनेमाच म्हणतो की छे, असं कुठे होतं? आणि दुसरा शेवट दाखवतो. त्यात जीवोचा बळी जातो, आणि पाणी येतं ते राजाला बुडवायला.

आमच्या घरी यावर अजून वाद चालू आहे. लेक पहिल्या शेवटावर अडून बसली आहे. मी बाबांना विचारलं, चहा पिणाऱ्या त्या बाईंचं नाव काय होतं? त्यांनी मोठ्या काकांनाही फोन करून पाहिला. दोघांनाही आठवत नाही.