केसाएवढ्या काचेतून धावणारा उजेड

तुमच्या डोक्यावरचा एक केस नीट पाहा बरं! जवळजवळ तेवढ्याच जाडीच्या काचेच्या तंतूतून चित्रे, आवाज, आख्खी पुस्तके धावतात. खरं नाही वाटत?

या तंतूला ऑप्टिकल फायबर म्हणतात. त्यातून वीज नव्हे, उजेड जातो. काचेच्या आतल्या बाजूवर आपटत, परावर्तित होत तो पुढे पळतो. बाहेर सांडत नाही. वेग किती? सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर! पंजाबात जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानींनी 1954 मध्ये आपले गुरू हॉपकिन्स यांच्यासह अशा तंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवून दाखवले होते.

देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती या तारेने जोडायचे 2011 मध्ये ठरले. 2015 पासून या योजनेचे नाव 'भारतनेट'. आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या ग्रामपंचायतीही त्यात आल्या.

पण तार पंचायतीत पोचली म्हणजे झालं का? तिथून शाळा, दवाखाना, घर हा शेवटचा तुकडाच अवघड. रस्ता खोदताना एक घाव बसला, की गाव गप्प! 2020 मध्ये शाळा बंद होत्या, तेव्हा रेंज नाही म्हणून कितीतरी मुलांचा अभ्यास राहिला. पुन्हा तसं व्हायला नको ना?

मग आई-बाबांना सांगा, "ग्रामसभेत विचारा, आमच्या शाळेपर्यंत तार कधी येणार?" तारेजवळ खोदकाम दिसलं, तर ग्रामपंचायतीला लगेच कळवा. तुटलेल्या तारेच्या टोकाला मात्र डोळा लावू नका हं! तो उजेड दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.