कोंबडा ठेवायचा की नाही?



आपल्या वर्गातल्या दोन-तीन घरी यंदा मागच्या अंगणात कोंबड्या पाळायचा विचार चालू आहे. मुलांना पिल्ले हवीत, आईबाबांना ताजी अंडी हवीत, आणि आजी-आजोबा म्हणतात, कोंबडा आरवल्याशिवाय खुराड्याला शोभा नाही. वर्ग सुटल्यावर चहा पिताना यावर बरीच चर्चा झाली. म्हणून आम्ही ही माहिती एकत्र करून देत आहोत.

कोंबड्याशिवाय अंडी मिळतात का?

हो, मिळतात! तलंग साधारण पाच महिन्यांची झाली की अंडी घालू लागते. एक अंडे तयार व्हायला सुमारे २५ तास लागतात. म्हणून अंडे रोज थोडे थोडे उशिरा येते आणि मग एखाद्या दिवशी खाडा होतो. या कामात कोंबड्याचा काहीच वाटा नसतो. दुकानात मिळणारी बहुतेक अंडी कोंबडा कधी न पाहिलेल्या कोंबड्यांचीच असतात.

कोंबडा असेल तर अंडे फलित होते. असे अंडे कोंबडीने किंवा यंत्राने उबवले, तर २१ दिवसांनी पिल्लू बाहेर येते. खायला मात्र दोन्ही अंडी सारखीच. फलित अंडे फ्रिजमध्ये ठेवले तर त्यात पिल्लू वाढत नाही.

करून पाहा : अंडे बशीत फोडा आणि पिवळ्या बलकावरचा छोटा पांढरा ठिपका शोधा. ठिपका नुसताच, ओबडधोबड असेल तर अंडे फलित नाही. ठिपक्याभोवती गोल कडे दिसले तर ते फलित आहे.

मग कोंबडा करतो तरी काय?

पुष्कळ काही करतो. दाणा सापडला की आवाज देऊन कोंबड्यांना बोलावतो. आकाशात ससाणा दिसला तर एक हाक आणि जमिनीवरून शत्रू आला तर दुसरी हाक, असे त्याचे निरनिराळे इशारे असतात. शेतात मोकळ्या फिरणाऱ्या कळपाला याचा मोठा उपयोग होतो. पण ब्रॅम्पटनच्या अंगणात खरी भीती रात्री येणाऱ्या रॅकूनची. त्याच्यापुढे कोंबड्याचे काही चालत नाही. तिथे बारीक चौकोनांची मजबूत जाळी आणि दाराला घट्ट कडीच कामाला येते.

शिवाय एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या असाव्या लागतात. दोन-चारच असतील तर तो त्याच त्याच कोंबड्यांच्या पाठीवर चढतो. त्यांची पिसे झडतात, कातडीला जखमा होतात. हिवाळ्यात त्याचा मोठा तुरा आणि लोंबते गलोल थंडीने काळे पडून झडू शकतात. म्हणूनच क्वेबेकमधल्या ओका येथील मठात १९०८ पासून प्रयत्न करून शाँतक्लेर नावाची अगदी लहान तुऱ्याची कॅनेडियन जात तयार करण्यात आली.

आरवण्याचे काय?

आपल्याकडे म्हण आहे, ‘कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही.’ जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये दाखवून दिले, की कोंबडे झाकले तरी त्याचे आरवणेही राहत नाही! मंद उजेडात दिवसरात्र ठेवलेले कोंबडेसुद्धा पहाटेच्या वेळेला आरवत राहिले. त्यांच्या शरीरातच घड्याळ असते. उजेड होण्याच्या सुमारे दोन तास आधीच ते आरवू लागतात. आता हिशेब करा. जूनमध्ये आपल्याकडे सूर्य पावणेसहाच्या आत उगवतो. म्हणजे कोंबडा आरवणार पावणेचारच्या सुमारास, आणि शेजारच्या घराची भिंत असते चार पावलांवर!

फ्रान्समध्ये ओलेरों बेटावरच्या मॉरिस नावाच्या कोंबड्यावर शेजाऱ्यांनी खटला भरला होता. २०१९ मध्ये न्यायालयाने मॉरिसच्या बाजूने निकाल दिला. पण ते गाव होते. आपल्या आसपासच्या शहरांचे धोरण निराळे आहे. किचनरने २०१६ मध्ये चार कोंबड्यांपर्यंत परवानगी दिली, आणि २०१८ मध्ये टोरांटोने काही भागांत चार कोंबड्यांचाच प्रयोग सुरू केला. दोन्ही ठिकाणी कोंबड्याला मनाई होती. ब्रॅम्पटनमध्ये कोंबड्या आणण्याआधी ३११ वर फोन करून तीन गोष्टी विचारा : किती कोंबड्या चालतात, खुराडे कुंपणापासून किती अंतरावर हवे, आणि कोंबड्याबद्दल नियम काय.

खरा प्रश्न पिल्लांचा

कोंबडा आणायचा नाही असे ठरवले, तरी तो न बोलावता येऊ शकतो. उबवलेल्या पिल्लांपैकी साधारण निम्मी नर असतात. पिल्ले विकणारे नर-मादी वेगळे करून देतात, पण त्यातही एखादे चुकते. लहानपणी ती सारखीच दिसतात. सहा-आठ आठवड्यांनी एकाचा तुरा जास्त मोठा आणि लाल होतो, पुढे मानेवर टोकदार पिसे येतात, आणि तीन-चार महिन्यांचा झाला की एका पहाटे तो आरवतो. तोपर्यंत मुलांनी त्याचे नाव ठेवलेले असते, तो त्यांच्या हातातून दाणे खात असतो.

गावाकडे हा प्रश्न पडत नसे. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवत, तलंगा अंड्यांसाठी राखत आणि जास्तीचे कोंबडे आठवड्याच्या बाजारात किंवा पाहुणे आले की रश्श्यात जात. इथे त्याला ठेवता येत नाही, आणि शेतकऱ्यांकडे आधीच पुरेसे कोंबडे असल्यामुळे बहुतेक जण त्याला घेत नाहीत. मुलांना ‘तो शेतावर राहायला गेला’ असे सांगून वेळ मारून नेणे आम्हाला बरे वाटत नाही.

म्हणून आमचे मत असे : शहरातल्या अंगणात कोंबडा ठेवू नये. कोंबड्या हव्या असतील तर पिल्ले न आणता चार-पाच महिन्यांच्या तयार तलंगा आणाव्यात. त्या वयात कोंबडा कोण, हे ओळखता येते. पिल्लेच हवी असतील, तर आणण्यापूर्वी घरात सर्वांनी बसून ठरवावे, की यातला एक कोंबडा निघाला तर तो कुठे जाईल. त्याला घ्यायला तयार असलेला शेतकरी आधी शोधावा आणि मुलांना पहिल्याच दिवशी खरे सांगावे. याचे उत्तर मिळत नसेल, तर पिल्ले आणू नयेत.

नवे शब्द
तलंग – अंडी घालू लागण्याच्या वयाची तरुण कोंबडी
खुराडे – कोंबड्यांचे घर
खुडूक – अंडी घालणे थांबवून उबवायला बसलेली कोंबडी
तुरा – कोंबड्याच्या डोक्यावरचा लाल मांसल भाग
गलोल – चोचीखाली लोंबणारा लाल भाग
खाडा – मध्येच पडलेली सुट्टी

आजी-आजोबांना विचारा : त्यांच्या गावी कोंबड्या रात्री कशात ठेवत? उत्तर पाच ओळींत लिहून पुढच्या शनिवारी आणा.