नोंद सापडते, दुवा अडतो

वंशावळ शोधायची ती आपल्यापासून मागे. आधी घरातले दाखले, मग शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, मग तलाठ्याकडचे सातबारा आणि फेरफार. यांत सर्वांत कामाचा कागद वारसाच्या फेरफाराचा. खातेदार मयत झाल्यावर मागे कोण राहिले ते त्यात नावानिशी असते. बाप-लेकाचे नाते एकाच नोंदीत सिद्ध होते.

त्याही मागे जायचे तर तहसील कार्यालयातला अभिलेख कक्ष गाठावा लागतो. तिथे गाव नमुना १४, म्हणजेच कोतवाल बुक असते: गावातल्या जन्ममृत्यूंची नोंदवही. बस्ता सोडला की धूळ आणि कोंदट कागदाचा वास एकदम अंगावर येतो, पानांच्या कडांचा भुगा टेबलावर सांडतो. जुन्या नोंदी बहुधा मोडीत असतात. मराठवाड्यातले निजामी अमलाचे महसुली कागद तर उर्दूत, त्यामुळे तिथे जाणकार आणखी दुर्मीळ.

मोडी वाचक ओळ सुरुवातीपासून वाचत नाही. आधी तारीख, मग जातीचा रकाना, मग बापाचे नाव. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेले नसते आणि हात न उचलता लिहिल्यामुळे अक्षरे एकमेकांत गुंततात. एखाद्या नावाखाली बोट थांबते. लिहिणाऱ्याने तेच अक्षर इतरत्र कसे वळवले आहे ते पाहण्यासाठी मागची पाने उलटली जातात. शेजारी उभे असलेले कुटुंब श्वास रोखून पाहत असते. वाचकाला मात्र घाई परवडत नाही. चुकीचे वाचलेले एक नाव पुढच्या सगळ्या पिढ्या चुकवते.

२०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठा-कुणबी नोंदींचा शोध सुरू केला आणि ५४ लाख हा आकडा सर्वतोमुखी झाला. ५४ लाख नोंदी सापडल्या म्हणजे ५४ लाख घराण्यांचा प्रश्न सुटला, असे मात्र नव्हे. जन्माच्या नोंदीत पुष्कळदा बाळाचे नावच नसते. नुसते ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ आणि पुढे बापाचे नाव. आडनावही गाळलेले. एकाच गावात एकाच काळी दोन ‘राणू बिन बाबाजी’, म्हणजे बाबाजीचे मुलगे राणू, निघाले की नोंद हाती असूनही दुवा तुटतो. बायकांची गत याहून वाईट: लग्नाआधी बापाच्या आणि नंतर नवऱ्याच्या नावामागे त्या दिसेनाशा होतात.

असा तुटलेला दुवा कधी नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत जुळतो. गाव आणि आडनाव सांगितले की उपाध्याय घराण्याची नामावळी काढतात. यात्रेला किंवा श्राद्धाला आलेल्याने स्वतःसह वाडवडिलांची, भावांची, मुलांची नावे तिथे लिहवून ठेवलेली असतात. कोतवाल बुकात सुटा दिसणारा माणूस इथे गोतावळ्यासकट भेटतो.

जातीच्या दाखल्यासाठी अर्जदाराला शपथपत्रावर वंशावळ द्यावी लागते आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा ठरतो. पुढे जात पडताळणी समिती कागद तपासते. शंका आली तर दक्षता पथक चौकशी करते. नोंदीतला पूर्वज आणि अर्जदार यांच्यामधली प्रत्येक पिढी कागदाने जोडता आली, तरच ती नोंद त्या घराण्याची ठरते.