घर, कर आणि चोरी: कॅलिफोर्नियातल्या रिपब्लिकन उमेदवाराचं पत्रक कसं वाचायचं

कॅलिफोर्नियाच्या असेंब्लीच्या सगळ्या 80 जागांसाठी दर सम वर्षी निवडणूक होते. त्या काळात फ्रीमाँट, सनीव्हेल, सॅन होजे या भागांतल्या मराठी घरांच्या टपालपेटीतही उमेदवारांची गुळगुळीत पत्रकं येऊन पडतात. पत्रक रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवाराचं असेल, तर त्यात तीन गोष्टी हमखास सापडतात: घरं परवडतील अशी करू, कर खाली आणू, चोरांना शिक्षा होईल असं बघू. बरेच मतदार तिथेच थांबतात. पटलं तर मत देतात, नाही तर कागद कचऱ्यात टाकतात. पण यातल्या प्रत्येक आश्वासनाला एक प्रश्न विचारायला हवा. हे करण्याचा अधिकार नेमका कोणाकडे आहे?

आधी राज्याच्या विधिमंडळाचं गणित पाहू. असेंब्लीत 80 आणि सिनेटमध्ये 40 सभासद असतात. असेंब्लीचा एक सभासद जवळजवळ पाच लाख लोकांचा प्रतिनिधी असतो. 2024 च्या निवडणुकीत असेंब्लीत 60 डेमोक्रॅट आणि 20 रिपब्लिकन निवडून आले. राज्याचा कर वाढवायला दोनतृतीयांश, म्हणजे असेंब्लीत 54 मतं लागतात. करवाढ अडवायची तर 27 जण विरोधात हवेत, आणि रिपब्लिकन निवडून आले होते 20. याचा अर्थ असा, की नव्याने निवडून आलेला रिपब्लिकन सभासद एकट्याच्या बळावर ना कर कमी करू शकतो, ना वाढ रोखू शकतो. म्हणूनच त्या पक्षाचं बरंचसं राजकारण सभागृहाबाहेर चालतं. पुरेशा मतदारांच्या सह्या गोळा करायच्या आणि प्रस्ताव थेट लोकांच्या मतपत्रिकेवर आणायचा, हा त्यांचा मार्ग. या प्रस्तावांना तिथे प्रपोझिशन म्हणतात आणि ते क्रमांकाने ओळखले जातात. लोकांनी मंजूर केलेला प्रस्ताव विधिमंडळाला आपल्या मर्जीने मोडीत काढता येत नाही.

या सगळ्याचं मूळ 6 जून 1978 रोजी मंजूर झालेल्या प्रपोझिशन 13 मध्ये आहे. हॉवर्ड जार्विस आणि पॉल गॅन यांनी तो आणला. घरांच्या किमती झपाट्याने वाढत होत्या, त्यामागे मालमत्ता कर वाढत होता, आणि निवृत्त माणसांना स्वतःच्याच घराचा कर भरणं अवघड झालं होतं. प्रपोझिशन 13 ने कराचा मूळ दर घराच्या मूल्याच्या 1 टक्क्यावर बांधून टाकला. शिवाय हे मूल्य कागदोपत्री वर्षाला जास्तीत जास्त 2 टक्केच वाढू शकतं. बाजारभावाने नवी आकारणी होते ती घर विकलं जाईल तेव्हा. राज्याच्या करवाढीसाठी दोनतृतीयांश मतांची अटही याच प्रस्तावाने घातली.

प्रत्यक्षात काय होतं ते एका उदाहरणाने पाहू. एका गल्लीत सारखीच दोन घरं आहेत. एक 1985 मध्ये दीड लाख डॉलरला घेतलेलं. दरवर्षी पूर्ण 2 टक्के वाढ धरली, तरी चाळीस वर्षांनी त्याचं करपात्र मूल्य होतं सुमारे 3 लाख 31 हजार, आणि 1 टक्क्याने कर सुमारे 3,300 डॉलर. शेजारचं घर एका तरुण मराठी जोडप्याने 2025 मध्ये 18 लाख डॉलरला घेतलं, तर त्यांचा कर 18,000 डॉलर. रस्ता तोच, शाळा तीच, अग्निशमन दल तेच. स्थानिक कर्जरोख्यांचे अधिभार यात धरलेले नाहीत. ते दोघांनाही याच प्रमाणात पडतात.

रिपब्लिकन उमेदवार प्रपोझिशन 13 ला हात लावू देणार नाही, असं ठासून सांगतो. त्याची बाजू खोटी नाही. ज्याचं उत्पन्न पेन्शनएवढंच आहे त्याला घर विकायला लावणारा कर अन्यायाचाच असतो. 2020 मध्ये व्यापारी मालमत्तांना हे संरक्षण नको असं सांगणारा प्रपोझिशन 15 मतदारांनी थोडक्यात फेटाळला, यावरून ही भावना किती खोल आहे ते कळतं. पण त्याच पत्रकात ‘घरं परवडतील अशी करू’ असंही लिहिलेलं असतं, आणि इथे दोन आश्वासनं एकमेकांना अडतात. मालमत्ता कर बांधला गेल्यावर शहरांना नवी वस्ती तोट्याची वाटू लागली. घरं आली की सांडपाणी, पोलीस यांचा खर्च येतो आणि कर मात्र मर्यादित मिळतो. त्याउलट मोठं दुकान किंवा मोटारविक्रीचं केंद्र आलं की विक्रीकरातला वाटा शहराच्या तिजोरीत पडतो. त्यामुळे मोकळ्या जमिनीवर मॉल उभा राहावा, असं शहराला वाटू लागतं. शिवाय जुना मालक कर उडी मारेल म्हणून घर विकत नाही, आणि बाजारात घरं कमी येतात. प्रपोझिशन 13 हे टंचाईचं एकमेव कारण नाही. पण उमेदवार त्याचा उल्लेखच टाळत असेल, तर तो अर्धंच चित्र दाखवतो आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

घरांबाबत त्याचा खरा जोरदार मुद्दा वेगळा आहे. 1970 चा राज्याचा पर्यावरण कायदा, सीक्वा या नावाने ओळखला जाणारा, त्याच्या निशाण्यावर असतो. या कायद्यावर सही केली होती ती रिपब्लिकन गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी. हेतू चांगला होता: मोठं काम हाती घेण्याआधी त्याचे परिणाम तपासा. 1972 च्या एका न्यायालयीन निकालानंतर तो खाजगी बांधकामांनाही लागू झाला, आणि पुढे शेजारी, कामगार संघटना, प्रतिस्पर्धी विकासक यांपैकी कोणालाही खटला भरून इमारत वर्षानुवर्षं रखडवता येऊ लागली. बर्कलीत तर 2023 मध्ये अपील न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात होणारा गोंगाट हाही पर्यावरणावरचा परिणाम म्हणून तपासायला हवा होता, असं म्हटलं. त्यावर विधिमंडळाला खास कायदा करावा लागला. 2025 च्या जूनअखेरीस शहरांतल्या बऱ्याचशा निवासी बांधकामांना सीक्वातून सूट देणारे कायदे झाले. ते डेमोक्रॅट गव्हर्नर गॅविन न्यूसम यांच्या सहीने झाले, पण रिपब्लिकन कित्येक वर्षं जे सांगत होते त्याच दिशेने. हे श्रेय रिपब्लिकनांना द्यायला हवं.

मात्र नियम सैल करणं वेगळं आणि आपल्या गल्लीत चार मजली इमारत मान्य करणं वेगळं. 2021 च्या एसबी 9 कायद्याने एकाच घरासाठी राखलेल्या भूखंडावर दोन, आणि भूखंड विभागला तर चार घरांपर्यंत परवानगी दिली. मालकाने आपल्या जमिनीचं काय करायचं ते त्याने ठरवावं, हे रिपब्लिकन तत्त्वच आहे. पण शहराचा निर्णय शहराने घ्यावा, राज्याने लादू नये, हेही तितकंच रिपब्लिकन तत्त्व. हंटिंग्टन बीच या किनाऱ्यावरच्या शहराला राज्याने 13,368 घरांसाठी जागा आखून द्यायला सांगितलं. तिथल्या रिपब्लिकन बहुमताच्या नगर परिषदेने 2023 मध्ये न्यायालयात धाव घेतली, आणि राज्यानेही शहरावर खटला भरला. तेव्हा उमेदवार भेटला तर त्याला थेट विचारावं: जमीनमालक आणि नगर परिषद यांच्यात वाद झाला तर तुम्ही कोणाच्या बाजूने मत द्याल?

बाकीच्या करांचं थोडक्यात. कॅलिफोर्नियाचा प्राप्तिकर वरच्या टोकाला 13.3 टक्के आहे, देशातल्या राज्यांत सर्वांत जास्त. हा पैसा श्रीमंतांच्या शेअरबाजारी कमाईवर फार अवलंबून असल्यामुळे तेजीत तिजोरी भरते आणि मंदीत रिकामी होते, ही रिपब्लिकनांची तक्रार रास्त आहे. पण 1988 च्या प्रपोझिशन 98 नुसार राज्याच्या मुख्य महसुलाचा मोठा हिस्सा शाळांना द्यावाच लागतो. कर कापला की त्या हिश्शालाही कात्री लागते. पेट्रोलवरचा कर 2017 मध्ये गॅलनमागे 12 सेंटने वाढला, तेव्हा त्यासाठी मत देणारे डेमोक्रॅट सिनेटर जॉश न्यूमन यांना 2018 मध्ये मतदारांनी पदावरून हटवलं. त्या मोहिमेत पुढे असलेले कार्ल डिमायो 2024 मध्ये असेंब्लीत पोहोचले. पण खुद्द करवाढ रद्द करणारा प्रपोझिशन 6 त्याच 2018 मध्ये पडला, कारण बहुधा रस्तेदुरुस्तीचा पैसा कुठून येणार याचं पटेल असं उत्तर मतदारांना मिळालं नाही.

आता गुन्हे. 2014 च्या प्रपोझिशन 47 ने 950 डॉलरपर्यंतची चोरी आणि स्वतःपुरते अमली पदार्थ बाळगणं हे बहुतेक वेळा किरकोळ गुन्हे ठरवले. त्याआधी तुरुंग इतके भरले होते की 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कैद्यांची संख्या कमी करायला लावली होती. ‘950 डॉलरपर्यंत चोरी करा, काही होत नाही’ असं प्रचारात सांगितलं जातं. ते चूक आहे. किरकोळ गुन्ह्यालाही तुरुंगवास असतो. शिवाय टेक्सास या पक्क्या रिपब्लिकन राज्यात ही मर्यादा 2,500 डॉलर आहे. पण पुन्हा पुन्हा चोरी करणाऱ्याला वाढती शिक्षा नव्हती, ही तक्रार खरी होती. दुकानदारांनी ती रोज सोसली. 2024 मध्ये प्रपोझिशन 36 आला: दोनदा दोषी ठरलेल्याची तिसरी चोरी, रक्कम कितीही असो, गंभीर गुन्हा म्हणून चालवता येईल. न्यूसम यांचा विरोध असूनही तो सुमारे 68 टक्के मतांनी मंजूर झाला. व्यसनी आरोपींना उपचाराचा पर्यायही त्यात आहे. पण उपचाराला खाटा, डॉक्टर आणि पैसा लागतो, आणि तो अर्थसंकल्पातून येतो. असेंब्लीच्या सभासदाचं खरं काम इथे आहे.

एक गोष्ट भारतातून गेलेल्या मतदाराच्या लक्षात यायला वेळ लागतो. आपल्याकडे पोलीस राज्याच्या गृहखात्याखाली असतात. कॅलिफोर्नियात पोलीस शहराचे असतात, शेरीफ काउंटीत निवडून येतो, आणि खटला भरायचा की नाही ते ठरवणारा डिस्ट्रिक्ट अॅटर्नीही लोकांनीच निवडलेला असतो. सॅन फ्रान्सिस्कोत चेसा बूडीन यांना 2022 मध्ये याच पदावरून मतदारांनी हटवलं, आणि लॉस एंजेलिसमध्ये 2024 मध्ये जॉर्ज गॅस्कॉन हरले. गल्लीतल्या चोरीच्या तपासाबद्दल राग असेल, तर मतपत्रिकेवरची शेरीफ आणि डिस्ट्रिक्ट अॅटर्नी यांची ओळ असेंब्लीच्या ओळीइतकीच महत्त्वाची आहे.

राज्यव्यापी निवडणुकीआधी नोंदणीकृत मतदारांच्या घरी राज्याची माहितीपुस्तिका येते. प्रत्येक प्रस्तावावर विधिमंडळाच्या पक्षनिरपेक्ष विश्लेषण कार्यालयाने केलेलं खर्चाचं टिपण तिच्यात असतं आणि दोन्ही बाजूंचे युक्तिवादही. उमेदवाराचं पत्रक हातात घ्याल तेव्हा ही पुस्तिका शेजारी ठेवा, आणि प्रत्येक आश्वासनापुढे पेन्सिलीने लिहा: अधिकार शहराचा, काउंटीचा, विधिमंडळाचा की थेट मतदारांचा.