ट्रॅक्टर थांबला म्हणजे यंत्र थांबले, असे समजू नका

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले, ते दिवस आठवा. डहाणूच्या बंदरपट्टीत चिकूच्या वाड्यांमधून मोडलेल्या फांद्यांचे ढीग पडले होते. उचलायला मजूर मिळेना आणि टाकायला जागा मिळेना. शेवटी पुष्कळांनी जागेवरच काडी लावली.

वादळ रोज येत नाही, पण फांद्यांचा प्रश्न दरवर्षीचाच आहे. चिकूच्या जुन्या वाड्यांमध्ये झाडे एकमेकांना भिडली आहेत. ऊन-वारा आत जावा म्हणून वाळलेल्या आणि दाट फांद्या काढाव्याच लागतात. तळासरीकडे आंबा-काजूच्या बागा आहेत, बांधावर गिरिपुष्प आणि सुबाभूळ आहे. हे सगळे जाळण्यापेक्षा बारीक करून झाडाच्या आळ्यात पसरले तर ओल टिकते आणि तण कमी होते. म्हणून ट्रॅक्टरच्या मागे जोडायचे फांद्या बारीक करण्याचे यंत्र आता गावात दिसू लागले आहे. कोणी त्याला चिपर म्हणतात, कोणी कुट्टीचे यंत्र. यंत्र चांगले आहे, पण ते मनगटाएवढी फांदी एका दमात ओढून घेते. ज्याला फांदी आणि हात यातला फरक कळत नाही, त्याच्याशी कसे वागायचे ते आधी शिकून घ्यावे.

मला हे कसे कळले?

दुसऱ्याला सांगण्याआधी स्वतःची चूक सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका वाडीत यंत्राचे प्रात्यक्षिक होते. फांदी आडवी होऊन तोंडात अडकली. चालकाने ट्रॅक्टर बंद केला. आवाज थांबला, म्हणून मी फांदी ओढायला हात आत घातला. शेजारी उभ्या असलेल्या वयस्कर गड्याने माझे मनगट धरून मागे ओढले. म्हणाला, "साहेब, हात नको घालू. आत फिरते अजून." मी कान देऊन ऐकले तर खरेच आतून बारीक सूं सूं असा आवाज येत होता. पदविका माझ्याकडे होती, पण शहाणपण त्याच्याकडे होते.

चाक उशिरा का थांबते?

यंत्राच्या पोटात एक जड लोखंडी चाक किंवा ड्रम असतो. त्यावर धारदार पाती बसवलेली असतात. समोर एक स्थिर पाते असते. कातरीच्या दोन पात्यांप्रमाणे या दोघांच्या मध्ये फांदी कापली जाते. चाक मुद्दाम जड केलेले असते, म्हणजे जाड फांदी आली तरी वेग पडत नाही. पण त्याच वजनामुळे ट्रॅक्टर बंद केल्यावरही चाक बराच वेळ फिरत राहते. काही यंत्रांना पूर्ण थांबायला मिनिटापेक्षा जास्त वेळ लागतो. तेवढ्या वेळात हात जाऊ शकतो. फांदी आत ओढणारे दातेरी रोलर ज्या यंत्राला असतात, ते यंत्र पकडलेली वस्तू सोडत नाही.

मळणी यंत्रात हात जाण्याचे अपघात होत होते, म्हणून केंद्र सरकारला १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला. चिपरचे तोंडही मळणी यंत्राच्याच जातीचे आहे. यंत्र विकत घेताना किंवा भाड्याने आणताना फांद्या घालायचा पत्र्याचा नळा नीट बघा. उभ्या माणसाने हात पूर्ण लांब केला तरी बोटे रोलरपर्यंत किंवा पात्यापर्यंत पोहोचता कामा नयेत. काम लवकर उरकावे म्हणून कोणी नळा कापून आखूड केलेला असेल, तर असे यंत्र वाडीत घेऊच नये.

जोडणी करताना

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला आणि इंजिन बंद. किती अश्वशक्तीचा ट्रॅक्टर लागतो ते यंत्राच्या पाटीवर लिहिलेले असते, त्यापेक्षा लहान ट्रॅक्टर लावू नये. यंत्र जड असून ट्रॅक्टरचे तोंड उचलत असेल, तर पुढे वजन लावावे.

पीटीओच्या दांड्याकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे. तो मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. पाच सेंटिमीटर जाडीच्या दांड्याला लुंगीचे टोक किंवा ओढणी लागली, तर एका सेकंदात सुमारे दीड मीटर कापड गुंडाळले जाते. ओरडायलाही वेळ मिळत नाही. म्हणून दांड्यावरचे प्लॅस्टिकचे आवरण शाबूत हवे आणि ते दांड्याबरोबर फिरू नये म्हणून त्याची साखळी अडकवलेली हवी. खटका 'टक्' आवाज करून बसला की एकदा दांडा मागे ओढून खात्री करावी. फिरत्या दांड्यावरून कधीही ओलांडून जाऊ नये, अगदी मालकानेसुद्धा. वेग ५४० पेक्षा वाढवू नये. ट्रॅक्टरच्या मीटरवर ५४० ची खूण असते, तिथेच काटा ठेवावा.

कोणी, कसे उभे राहायचे?

या कामाला दोन माणसे लागतात. एक फांद्या घालणारा आणि दुसरा यंत्र बंद करण्याच्या दांडीजवळ. दोघांनी आधी हाताच्या खुणा ठरवून घ्याव्यात, कारण यंत्र सुरू झाल्यावर बोललेले ऐकू येत नाही. बंद करण्याची दांडी रोज काम सुरू करण्याआधी एकदा चालवून बघावी. इतरांनी, विशेषतः मुलांनी, तीस हातांच्या आत येऊ नये. चुरा फेकणाऱ्या नळीचे तोंड रस्ता, घर किंवा गुरांच्या दिशेने नसावे.

अंगावर घट्ट कपडे असावेत. लुंगी, गळ्यातला टॉवेल, सैल बाह्या, ओढणी आणि लोंबणारा पदर ठेवू नये. हातातले कडे, गंडा, बांगड्या आणि गळ्यातली माळ काढून ठेवावी, केस बांधावेत. डोळ्यांवर चष्मा आणि पायात बूट पाहिजेत. चप्पल घालून किंवा अनवाणी हे काम करू नये. कानात निदान कापसाचा बोळा तरी असावा. ताडी-माडी घेतलेल्या माणसाला यंत्राजवळ फिरकू देऊ नये, मग तो मजूर असो की मालक.

फांद्या घालताना

फांद्यांचा ढीग चार दिवस पडून असेल, तर आधी लांब काठीने हलवावा. आपल्या भागात मण्यार, घोणस आणि फुरसे अशा ढिगात लपतात. मग फांद्यांत अडकलेली तार, ठिबकची नळी, खिळे आणि मातीत रुतलेले दगड काढून टाकावेत. एक खिळा पात्याची धार घालवतो आणि उडाला तर डोळाही घालवतो.

घालणाऱ्याने नळ्याच्या समोर नव्हे, बाजूला उभे राहावे. फांदीचा जाड बुंधा आधी आत जाऊ द्यावा. यंत्राने फांदी पकडली की लगेच हात सोडावा. पकडून धराल तर फांदीबरोबर तुम्हीही ओढले जाल. बेचकी असलेल्या फांद्या कोयत्याने आधीच साफ कराव्यात. वेली घालू नयेत, त्या हाताला गुंडाळतात. आखूड तुकडे हाताने किंवा पायाने न ढकलता दुसऱ्या लांब फांदीने ढकलावेत. त्यासाठी लोखंडी पहार वापरू नये. यंत्राला जेवढी जाडी सांगितली आहे, त्यापेक्षा एक बोट कमीच घालावी. चिकूचे लाकूड कठीण आहे, हे विसरू नये.

फांदी अडकली तर काय करावे?

जास्त अपघात इथे होतात, कारण इथेच घाई होते. पुढील क्रम पाठ करावा. आधी पीटीओ सोडवा. मग इंजिन बंद करा. किल्ली काढून स्वतःच्या खिशात घाला. पीटीओचा दांडा ट्रॅक्टरपासून सोडवा. मग चाक पूर्ण थांबेपर्यंत थांबा. आवाज थांबला म्हणून भागत नाही, डोळ्यांनी बघून खात्री करा. झाकण त्यानंतरच उघडा आणि चाकाला लाकडी पाचर लावल्यावरच हात घाला. किल्ली दुसऱ्याच्या हाती देऊ नका. तुम्ही आत हात घालून बसलेले असताना भलत्याच माणसाने चावी फिरवली, तर सगळेच संपले.

पात्यांची निगा

धार असलेले यंत्र धोक्याचे आणि बोथट यंत्र कमी धोक्याचे, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात उलट आहे. पाती बोथट झाली की फांदी कापली न जाता फाटते, यंत्र हादरते, फांदी अडकते आणि माणूस हात घालायला जातो. खपल्यांऐवजी भुसा किंवा लांब धागे निघू लागले, तर पाती उतरवायची वेळ झाली असे समजा.

पाती सर्व एकदमच धार लावून घ्यावीत आणि सारखीच घासावीत. एक पाते हलके झाले तर चाकाचा तोल जातो आणि बेअरिंग खराब होते. तुटलेले किंवा तडा गेलेले पाते वेल्डिंग करून वापरू नये. पाती बसवताना नटबोल्ट कंपनीचेच घ्यावेत. फिरते पाते आणि स्थिर पाते यांच्यातली फट पुस्तिकेप्रमाणे ठेवावी. पुस्तिका इंग्रजीत असेल तर विकणाऱ्याकडून मराठीत समजावून घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. पीटीओच्या दांड्यात एक नरम बोल्ट असतो, जोर आला की तो तुटतो आणि यंत्र वाचते. तो तुटला म्हणून त्याजागी कडक बोल्ट ठोकला, तर पुढच्या वेळी गिअरबॉक्स तुटेल.

रोज काम सुरू करण्याआधी पात्यांचे बोल्ट पाहावेत, ग्रीस द्यावे आणि पट्ट्यांचा ताण बघावा. चिकूच्या फांदीचा चीक पात्यांवर चिकटतो. संध्याकाळी, चाक पूर्ण थांबल्यावर, रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्याने तो पुसावा. समुद्राची खारी हवा लोखंड खाते. म्हणून पावसाळ्याआधी पात्यांना तेल लावून यंत्र फळ्यांवर, कोरड्या जागी झाकून ठेवावे.

चुरा खोडापासून हातभर लांब, आळ्यात वरच्यावर पसरावा. ताजा चुरा मातीत मिसळू नये, कारण तो कुजताना जमिनीतले नत्र ओढून घेतो. रोगट किंवा खोडकिडीच्या फांद्यांचा चुरा वाडीत पसरू नये.

एवढे करूनही अपघात झाला तर

यंत्र बंद करा आणि १०८ ला फोन लावा. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. हळद, चुना, पाला किंवा माती काही लावू नका. बोट तुटले असेल तर ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा. ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवून जखमीबरोबरच पाठवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका. सायवन, उधवा, झरीसारख्या गावांतून मोठे रुग्णालय दूर पडते. त्यामुळे काम सुरू करण्याआधीच गाडी कोणाची मिळेल हे ठरवून ठेवणे बरे.

राज्य शासनाच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यू झाल्यास किंवा दोन अवयव गेल्यास २ लाख रुपये मिळतात. एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेल्यास १ लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांत जायला हवा. ही योजना सातबारावर नाव असलेल्या खातेदारासाठी आणि त्याच्या कुटुंबातील एका व्यक्तीसाठी आहे.

आता विचार करा. आपल्याकडे यंत्रात फांद्या कोण घालतो? बहुतेक वेळा मजूर घालतो. त्याच्या घरात कोणाच्याच नावावर सातबारा नसेल, तर या योजनेतून त्याला काहीच मिळणार नाही. उद्या त्याचा हात गेला तर त्याची रोजी गेली. म्हणून मजूर लावणाऱ्या मालकाने त्याचा अपघात विमा आधी उतरवावा. बँकेत आणि टपाल खात्यात असा विमा वर्षाला थोड्या पैशांत मिळतो. चष्मा, बूट आणि घट्ट कपडे मालकाने स्वतः द्यावेत.

सरपंच, पोलीस पाटील, ग्रामपंचायत अधिकारी आणि ग्राम महसूल अधिकाऱ्यांना विनंती आहे. अपघात झाला की पंचनामा त्याच दिवशी व्हावा. उशीर झाला तर गरिबाचा अर्ज कागदासाठी अडतो. गावच्या अवजार बँकेत यंत्र असेल, तर भाड्याने देताना नळा, आवरण आणि बंद करण्याची दांडी तपासूनच द्यावे.

यंत्र भाड्याने तासावर मिळते, म्हणून घाई होते, हे मला ठाऊक आहे. चाक थांबायला लागणाऱ्या मिनिटाचेही भाडे द्यावे लागते. ते द्या. त्या गड्याने त्या दिवशी माझे मनगट धरले नसते, तर आज हा लेख मला डाव्या हाताने लिहावा लागला असता.