जुनी होडी घेण्यापूर्वी

सिंदफणेवरील माजलगाव धरणाच्या काठी शेतीस जोड म्हणून मासेमारी करू इच्छिणाऱ्या बांधवांनी जुन्या होडीचा नवा रंग पाहून भुलू नये. पत्र्याचा गंज रंगाखाली दडतो. होडी पालथी करवून तळ टोकदार खिळ्याने जागोजाग टोचावा. फायबरची असल्यास तळावर नाणे वाजवीत जावे; खणखणीत आवाज मध्येच बोदा झाला की तेथे थर सुटले असे समजावे. नंतर जितके इसम बसावयाचे तितक्या वजनाची पोती भरून ती २ तास पाण्यात ठेवावी. विकणारा यास नाखूष दिसल्यास सौदा तेथेच सोडावा. भर जलाशयात होडीत पाणी शिरले म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्यासही काठ दूर पडतो.

कोकणातून स्वस्तात आलेल्या होडीचे इंजिन विशेष पाहावे. खाऱ्या पाण्याने त्याच्या आतील वाटा चोंदतात. चालू असता बाहेर पडणारी पाण्याची धार क्षीण असेल तर ते लवकरच तापणार. शिवाय समुद्रावरील खोल तळाची होडी उन्हाळ्यात पाणी ओसरताच येथील गाळात रुतते.

कागदांविषयी आम्ही अंमळ कठोर आहो. उभी हयात दप्तरात गेली. होडी घेतल्याने मासे धरण्याचा हक्क मिळत नाही. ठेका ज्या मच्छीमार संस्थेकडे असेल तिची लेखी संमती हाती येईपर्यंत इसारही देऊ नये.