चढावर उपाशी

डॉक्टरांची गाडी टो करून आणावी लागली नाही. स्वतःच्या चाकांवर, झोकात, गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली, आणि हीच तिची खोड होती. शहरात ती कधी बंद पडत नसे. सांगलीला जाऊन यायची, कुरकुर नाही. पण डॉक्टरांची सासुरवाडी कणकवलीला. परतताना वैभववाडी सोडून करूळ घाट चढायला लागलं, की सात-आठ वळणांत गाडी आचके द्यायची, पिकअप जायचा, आणि शेवटी कड्याला टेकून बंद. अर्धा तास थांबून सेल्फ मारला की चालू, जणू काही झालंच नाही.

गाडी १९७९ ची, जर्मन, सहा सिलिंडर, २.८ लिटरची. दिल्लीच्या एका वकिलातीतून आलेली. तेव्हा परदेशी अधिकारी बदलून गेले की त्यांच्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात. डॉक्टरांच्या वडिलांनी तशी घेतली. कोल्हापूर हे गाड्यांचं वेड असलेलं गाव. दसऱ्याला महाराजांची मेबॅक बाहेर पडली, की सोन्याआधी लोक तिच्याकडे बघतात. पण अशा गाडीचं बॉनेट उघडायला मिस्त्री कचरतात, हेही खरं.

डॉक्टरांनी एक फाइलच पुढे केली. एका मोठ्या शहरातल्या गॅरेजात वर्षभरात प्लग बदलले, वायरी बदलल्या, इग्निशन कॉइल बदलली, आणि शेवटी पेट्रोलचा पंप नवा टाकला. शिवाय कोणीतरी मिश्रणाचा स्क्रू, जो ३ मिलिमीटरच्या ॲलन कीने फिरतो, तो फिरवून पेट्रोल वाढवलं होतं. प्लग काळे झाले, ॲव्हरेज गेला. घाटात गाडी बंद पडायची ती पडतच होती.

“तुम्ही काय बदलणार?” डॉक्टरांनी विचारलं.

“अजून काही नाही साहेब. आधी मोजतो.”

ह्या गाडीला आजच्यासारखा कॉम्प्युटर नाही, वायर लावून दोष वाचता येत नाही. हिची पेट्रोल देण्याची पद्धत बॉशची के-जेट्रॉनिक. ती १९७३ साली पोर्शच्या ९११ मध्ये पहिल्यांदा आली आणि पुढे वीसेक वर्षं युरोपातल्या अनेक महागड्या गाड्यांत राहिली. ‘के’ म्हणजे जर्मन भाषेत ‘सतत’. आजचे इंजेक्टर टिचकी मारल्यासारखे उघडतात-मिटतात. हे मात्र, इंजिन चालू आहे तोवर, सतत फवारत राहतात. किती फवारायचं ते हवा ठरवते. हवेच्या वाटेत एक गोल तबकडी असते. जेवढी हवा आत जाईल तेवढी ती उचलली जाते, तिच्या दांड्याने वितरकातला एक दट्ट्या वर सरकतो, आणि दट्ट्याभोवतीच्या, जेमतेम ०.२ मिलिमीटर रुंदीच्या फटी उघड्या पडतात. प्रत्येक सिलिंडरला एक फट. उसाला पाटाचं पाणी देताना सऱ्यांची तोंडं कमी-जास्त उघडतो तसंच हे, फक्त हे पाणी पाच बार दाबाचं. टायरात आपण ३० पौंड हवा भरतो. पाच बार म्हणजे ७२.

एवढा दाब पुरवणारा पंप गाडीखाली, मागच्या ॲक्सलजवळ असतो. पेट्रोलची वाट अशी: टाकी, टाकीच्या बुडातली जाळी, पंप, दाब धरून ठेवणारा एक डबा (ॲक्युम्युलेटर), फिल्टर, वितरक. वितरकाने वापरून उरलेलं पेट्रोल दुसऱ्या नळीने पुन्हा टाकीत. हे उरलेलं थोडंथोडकं नसतं. पंप ओढतो त्यातला मोठा भाग नुसता फेरी मारून परत येतो, आणि माझ्या मते ह्या पद्धतीतला सगळ्यांत फसवा भाग हाच. पुरवठा निम्म्यावर आला तरी सपाटीवर गाडी तक्रार करत नाही.

गॅरेजात मी तीन मापं घेतली. दाब: ५.१ बार, उत्तम. मग पुरवठा. परतीची नळी सोडून पत्र्याच्या डब्यात धरायची, रिले काढून त्याच्या सॉकेटात तार जोडायची म्हणजे इंजिन बंद असताना पंप फिरतो, आणि घड्याळ लावायचं. अशा गाडीला ४० सेकंदांत एक लिटर आलं पाहिजे. आलं ३३ सेकंदांत. तिसरं माप पंपाच्या टोकावरच्या व्होल्टेजचं, तेही ठीक. दोष म्हणून बोट ठेवावं असं काहीच नाही. गाडी तपासायला आली तेव्हा ती आजारी नव्हतीच! ताप उतरल्यावर थर्मामीटर लावून काय उपयोग, हे मी डॉक्टरांना सांगावं, म्हणजे कमालच.

म्हणून ठरवलं, घाटातच मोजायचं.

वितरकाआधीच्या नळीला टी जोड बसवून त्याला गेज लावला. गेज काचेच्या बाहेरून वायपरखाली घट्ट बांधला. पेट्रोलची नळी केबिनमध्ये आणायची नाही, हा माझा नियम आहे. गळती लागली तर ती मांडीवर नको. पंपाच्या वायरींना जोडलेल्या दोन बारीक तारा मात्र मागच्या सीटवर घेतल्या. तिथे आमचा पोरगा मल्टिमीटर आणि अग्निशामक सिलिंडर घेऊन बसला. गाडी डॉक्टर चालवणार.

गगनबावड्यावरून खाली उतरताना काटा पाचावर. वैभववाडीला चहा घेतला, लगेच वळलो. पहिली तीन-चार वळणं ठीक. मग काटा ४.७, ४.५. इंजिनला अजून काहीच कळलं नव्हतं. मला आधी ऐकू आला तो आवाज. मागून, गाडीच्या पोटातून, एक बारीक, चढत जाणारा रडका सूर.

हा सूर मी वयाच्या दहाव्या वर्षापासून ओळखतो. आमची मोटर पंचगंगेवर होती. नदीला जलपर्णी आली की ती पाण्यातल्या फुटव्हॉलच्या जाळीला चिकटायची. मोटर फिरायची, पण तिला पाणी ओढता यायचं नाही. सूर वर चढायचा, पाइपातलं पाणी बारीक व्हायचं. आप्पा बांधावरूनच ओरडायचे, “आरं, फुटव्हॉल तुंबला बघ! बंद कर आधी!” मोटर बंद केली की ओढ संपायची, पाला आपोआप सुटून खाली पडायचा. पुन्हा चालू केली की पाणी धो धो. थोड्या वेळाने परत तेच.

काटा चारावर आला. साडेतीनला इंजिन मिसिंग करायला लागलं. ते बरोबरच होतं. हे इंजेक्टर सुमारे साडेतीन बारलाच उघडतात, त्याखाली फवारा उरत नाही. “व्होल्ट?” मी विचारलं. “साडेबारा,” मागून पोरगा म्हणाला. म्हणजे रिले सुटला. हो, संशय त्याच्यावरही होता. जुन्या गाड्यांत रिलेच्या आतलं डाख उष्णतेने तडकतं, गरम झाला की संपर्क तुटतो, थंड झाला की जुळतो. लक्षण हुबेहूब हेच. मी तर आदल्या रात्री त्याच्यावर पैज लावायला तयार होतो.

रुंद वळण बघून गाडी कडेला घेतली. पहिल्यांदा टाकीचं झाकण उघडलं. आत हवा ओढल्याचा ‘सुस्स’ आवाज आला असता, तर टाकीचं श्वासाचं भोक बुजलंय असं धरलं असतं. आला नाही. मग पाला खाली पडायच्या आत, घाईने, तार जोडून पुन्हा पुरवठा मोजला. (गरम इंजिनाशेजारी उघडं पेट्रोल घेऊन हा उद्योग वाचकांनी करू नये. आम्ही केला, चूक ती चूकच.) ४० सेकंदांत ३५० मिलिलिटर.

तिथेच कठड्यावर बसून डॉक्टरांना हिशेब सांगितला. ४० सेकंदांना एक लिटर म्हणजे तासाला ९० लिटर. ३५० मिलिलिटर म्हणजे तासाला जेमतेम ३१. सपाटीवर ही गाडी तासाला दहा-बारा लिटर जाळते, तिला ३१ सुद्धा डोक्यावरून पाणी. घाटात, दुसऱ्या गिअरमध्ये, पाय दाबलेला असताना ती माझ्या अंदाजाने पंचवीस-तीस खाते, आणि दाब टिकवायला काही शिल्लकही लागते. तिथे भूक आणि ताट यांची गाठ पडते. पंपाला घाट-सपाटी कळत नाही, तो सारखाच ओढतो. सांगलीच्या वाटेवरही जाळी तुंबतच होती, कळत तेवढं नव्हतं.

अर्ध्या तासाने त्याच जागी परत मोजलं. एक लिटर, ३४ सेकंद.

“भूत आहे की काय हो हे?” डॉक्टर म्हणाले.

“भूत नाही साहेब. जलपर्णी.”

दुसऱ्या दिवशी टाकी रिकामी केली. जाळीचा आटा सोडायला ४६ नंबरचा पाना लागतो; तो दुकानात मिळेना, उद्यमनगरातल्या एका टर्नरमामांकडून करून घेतला. बाहेर आली ती जाळी राहिलीच नव्हती. तपकिरी, चिकट लेप, गूळ उकळताना कढईच्या काठाला बसतो तसा, आणि त्यात गंजाचे बारीक कण. टाकीत खाली वाटीभर तोच गाळ.

डॉक्टरांच्या वडिलांच्या आजारपणात गाडी चार-पाच वर्षं उभी होती. उभ्या टाकीत पेट्रोल वाळून त्याचा राळेसारखा थर बसतो, अर्धवट भरलेल्या टाकीच्या वरच्या भागाला दमटपणाने गंज चढतो. तो थर एरवी तिथेच बसून राहिला असता. पण आता पंपांवर मिळतं ते इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, २०२५ पासून बहुतेक ठिकाणी वीस टक्क्यांचं. इथेनॉल ओल धरतं, जुन्या रबरी नळ्या फुगवतं, आणि असे जुने थर सोडवतं. १९७९ साली ही गाडी बनवणाऱ्यांच्या स्वप्नातही ते नसणार. इथेनॉल उसातूनही येतं, आणि ऊस तर आमच्याच जिल्ह्याचा. आप्पांच्या शेतातलाही कारखान्याला जातो. हा योगायोग मी डॉक्टरांना सांगितला तेव्हा ते फारसे हसले नाहीत.

टाकी धुऊन घेतली, जाळी नवी, फिल्टर नवा, रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या. मिश्रणाचा स्क्रू जागेवर आणला.

अर्ध्या तासाचं कोडं मात्र सगळं जाळीचं नव्हतं. पाला पडायला दोन-चार मिनिटं पुरतात. गाडी अर्धा तास का रुसायची? गेज लावून इंजिन बंद केलं आणि बघत बसलो. दहा मिनिटांत काटा शून्यावर. तो दाब धरणारा डबा ह्याचसाठी असतो: गरम इंजिन बंद झाल्यावर नळ्यांतलं पेट्रोल दाबाखाली राहिलं तर उकळत नाही. दाब गेला की वाफ होते, आणि सेल्फ मारला तरी इंजेक्टरपर्यंत वाफच पोचते. डब्यातला पडदा फाटला होता. आजार दोन, अंग एकच. पहिला दोष गाडी बंद पाडायचा, दुसरा तिला उठू द्यायचा नाही. डबा बाहेरून मागवला, यायला तीन आठवडे लागले.

डॉक्टर गाडी न्यायला आले तेव्हा डिकी आवरत होतो. स्टेपनीशेजारी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. आधीच्या गॅरेजने ‘गेलाय’ म्हणून काढलेला जुना पंप. डॉक्टर म्हणाले, भंगारात टाका. मी डिझेलची बादली घेतली, बॅटरी लावली, पोरग्याने मोबाइलवर घड्याळ धरलं.

एक लिटर, ३६ सेकंद.

पुसून, त्याच वर्तमानपत्रात गुंडाळून, परत डिकीत ठेवला.